नानांच्या बाजूची चाल

शामलानं वडिलांसाठी बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहायला घेतला, तेव्हा नाना सकाळचं जेवण विसरत, पण पटावरचं काही विसरत नसत. जन्मभर गणित शिकवलेला माणूस. किला गेटजवळच्या घरात बापलेक दोघंच. ती दिवसभर सिटी सेंटरच्या ऑफिसात, आणि नानांना दुपार खायला उठायची.

आधी मशीनला कळायला हवं होतं, की समोरच्या पटावर कोणत्या चाली नियमात बसतात. दोन्हीकडून दोन-दोन चाली झाल्या की डावाच्या एक लाख सत्त्याण्णव हजार दोनशे एक्क्याऐंशी तऱ्हा होतात. शामलाच्या प्रोग्रामचा आकडा जास्तच यायचा. आठवडाभर तिनं डोकं आपटलं. शेवटी नानांनीच चूक पकडली.

"तिरका वजीर रोखून बसलाय आणि तुझं मशीन त्या रेषेतलं राजाजवळचं प्यादं हलवतंय. राजा उघडा पडतो ना, बेटा."

आकडा जुळला. त्या दिवशी नानांनी आपणहून दुसरी पोळी मागून घेतली.

वर्ष गेलं. थंडीत एका दुपारी शेजारच्या अनसूयाबाईंचा फोन आला, नाना रडतायत म्हणून. शामला धावत घरी आली. पडद्यावर लाल अक्षरांत 'ही चाल नियमात नाही' असं लिहिलेलं. नाना घोडा सरळ पुढे नेत होते, मशीन तो परत आणून ठेवत होतं. किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक.

"माझी पाळी आहे," नाना म्हणाले. "ये मानता ही नहीं."

शामलानं त्याच संध्याकाळी नानांच्या बाजूची तपासणी काढून टाकली. एवढ्या मेहनतीनं लिहिलेलं, पुसायला मिनिटही लागलं नाही. मग नानांचा घोडा वाटेल तिथे जाऊ लागला. रोज ते अनसूयाबाईंना सांगत, "आज जिंकलो."

एका रविवारी ती शेजारीच बसली होती. नानांनी हत्ती तिरका नेला आणि त्यांचा हात थांबला. कितीतरी दिवसांनी नजर स्वच्छ होती.

"शामे, हत्ती असा जातो?"

"चालतं नाना. खेळा तुम्ही."

"मी शिकवलं ना तुला? मग चालू कसं देतेस?"

आवाजात राग नव्हता. शामलानं मान खाली घातली. "तुमच्यासाठी मोकळं ठेवलं होतं."

"म्हणजे ते डाव मी जिंकलो नाही."

खोटं बोलणं सोपं होतं. पण त्या नजरेपुढे तिला ते जमलं नाही. "नाही, नाना."

त्यांनी हलक्या हातानं लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी ते बोलणं त्यांना आठवत नव्हतं. पण लॅपटॉप समोर ठेवला की ते हात मागे घेत. का, ते त्यांनाही सांगता येत नसे. शामलानं नियम परत जागेवर घातले, तरी पुन्हा डाव मांडला गेला नाही. एक खोटं बोलले असते तर, हे तिच्या मनातून जाईना.

ऑफिसला विनंती करून ती दुपारी घरून काम करू लागली. नाना शेजारी मटार सोलत बसत. कधी सालं दाण्यांत पडत. शामला ती नंतर, ते झोपल्यावर, निवडून काढी.