घर क्रमांक सतरा : हरकत नाही

नव्या फुटबॉल स्टेडियमचा आराखडा आमच्या गल्लीत आला, तेव्हा मी त्याच्यावर ओले मोजे वाळत घातले. मुद्दाम नाही. आमच्या कुंपणाच्या ज्या फळीवर चाळीस वर्षं मोजेच वाळतात, तिथं कुणीतरी चकचकीत कागद चिकटवून गेलं होतं. दुपारी मोजे काढले तर खाली निळंशार आकाश, रांगेत लावलेली झाडं आणि हातात फुगे घेऊन हसणारी माणसं. सगळी एका वयाची, एका उंचीची. आमच्या गल्लीत तेव्हा एकतीस माणसं राहत होती आणि त्यातली एकोणीस साठीच्या पुढची. चित्रातली माणसं आमच्यापैकी नव्हती, एवढं चष्मा न लावताही कळलं.

"वन्सं, इकडे या बरं," मी हाक मारली. "आपल्या घरावर कारंजं येतंय."

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. घर त्यांच्या नावावर आहे. वर दोन खोल्या, खाली कपडे धुण्याची जागा. मी सून होऊन याच घरात आले होते, मग यजमानांच्या नोकरीपायी आम्ही बाहेरगावी गेलो. ते गेल्यावर मी चार दिवस म्हणून वन्संकडे परत आले, त्याला आता बावीस वर्षं झाली. माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या, तरी मला 'अहो वहिनी' म्हणतात. हात पुसत त्या बाहेर आल्या आणि त्यांनी चित्र नीट पाहिलं.

"छान आहे हो कारंजं," त्या म्हणाल्या. "पण शिंतोडे आपल्या दोरीवर यायचे."

कारंजं आलं तर दोरीच राहणार नाही, हे त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

आमच्या घरामागे क्लबचं जुनं मैदान आहे. मी सून होऊन आले तेव्हा तिथं लाकडी बाकांच्या सहा रांगा होत्या आणि पाऊस झाला की गोलपाशी गुडघाभर चिखल. खेळाडू त्या चिखलातून आमच्या मागच्या दाराशी येत आणि जर्सी तिथंच काढून टाकत. त्या जर्सी वन्सं धूत. धुणं म्हणजे नुसतं पाण्यात बुचकळणं नव्हे. चिखल आधी पूर्ण वाळू द्यायचा, मग ब्रशनं झाडायचा. ओल्यावर घासला की तो धाग्यात शिरतो आणि जन्मभर निघत नाही. रक्ताला गार पाणी, चुकूनही कोमट नाही. लाल जर्सी मिठाच्या पाण्यात वेगळी, नाहीतर सगळा संघ गुलाबी होऊन मैदानात उतरतो. एकदा उतरला होता. तो सामना आम्ही जिंकलो, कारण समोरचे हसत राहिले.

क्लब अजून खेळतो. बहुतेक हरतो, पण स्वच्छ कपड्यांत हरतो.

आता वन्संची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्या खोडीमुळे झालं. त्यांना कुणाला 'नाही' म्हणता येत नाही. पाहुण्याच्या हातून कप फुटला, की "हरकत नाही". शेजारीण शिडी मागून नेऊन परत देत नाही, "हरकत नाही". तरुणपणी क्लबचा गोलकीपर वर्षभर रोज संध्याकाळी जर्सी न्यायच्या निमित्तानं यायचा. एका संध्याकाळी त्यानं दारात उभं राहून सांगितलं, की त्याचं दुसरीकडे ठरलंय. वन्सं म्हणाल्या, "हरकत नाही," आणि त्याच्या हातात इस्त्री केलेली जर्सी दिली. मी तेव्हा या घरात नवी होते. दाराआडून ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

तर सुनावणी. शाळेच्या सभागृहात स्टेडियमचा छोटा नमुना काचेखाली मांडला होता. तो समजावून सांगायला एक आराखडेवाले आले होते. त्यांच्या हातात लाल ठिपका पाडणारी कांडी होती, म्हणून गल्लीनं त्यांना लगेच 'ठिपकेवाले' करून टाकलं. ठिपका हॉटेलावर गेला, दुकानांच्या तीन मजल्यांवर गेला, गाड्या लावायच्या तळघरात शिरला, 'उल्हास चौक' नावाच्या जागेवर पाच मिनिटं रेंगाळला.

"आणि फुटबॉल कुठं खेळायचा?" मी विचारलं.

ठिपका थोडा भटकला आणि मधोमध एका हिरव्या चकतीवर थांबला. बशीएवढी होती.

"खेळ हा या प्रकल्पाचा आत्मा आहे, आजी," ते म्हणाले.

"म्हणूनच दिसत नव्हता," मी म्हटलं. मागच्या रांगा हसल्या. ठिपकेवाल्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. बहुधा माझ्याबद्दलच.

नियम असा होता, की सुनावणी अधिकारी एकेका घराचा क्रमांक पुकारणार आणि मालकानं स्वतः उभं राहून हरकत आहे की नाही ते सांगायचं. शेजारी एक टिपणीवाल्या बाई बसल्या होत्या. ऐकलेला शब्द कागदावर, न ऐकलेला नाही, असा त्यांचा खाक्या. आमचा क्रमांक आला तेव्हा वन्सं नेमक्या दारात पोचत होत्या. जर्सी पिळून यायला उशीर झाला होता. अधिकारी साहेब भले माणूस. म्हातारी बाई धापा टाकत आलेली बघून ते ओशाळले.

"घर क्रमांक सतरा? या, या. अहो, खुर्ची नाही हो शिल्लक. उभं राहावं लागेल."

"हरकत नाही," वन्सं म्हणाल्या.

टिपणीवाल्या बाईंनी मान खाली घातली आणि लिहिलं. कागद पुढे सरकवला, वन्संनी न वाचताच सही केली.

मी तिसऱ्या रांगेतून उठेपर्यंत अठरा नंबर पुकारला गेला होता. वन्सं माझ्याशेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "माझा नंबर झाला वाटतं. काही विचारलंच नाही त्यांनी."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. घर क्रमांक सतराच्या मालकांनी समक्ष 'हरकत नाही' असं सांगितल्याबद्दल स्टेडियम मंडळ त्यांचं आभारी आहे. या सहकार्याबद्दल चौकाच्या उद्घाटनाला त्यांना पहिल्या रांगेत जागा. आमच्या घराच्या जागी चौक, आणि तो बघायला आम्हाला खुर्ची! तेव्हा खुर्ची असती तर ही वेळच आली नसती.

मी पत्र घेऊन कचेरीत गेले. टिपणीवाल्या बाई सज्जन होत्या, पण शब्दाला पक्क्या.

"त्या म्हणाल्या ना तसं?"

"अहो, खुर्चीबद्दल म्हणाल्या."

"कशाबद्दल ते टिपणीत येत नाही. काय म्हणाल्या तेच येतं." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "दुसरी सुनावणी आहे येत्या गुरुवारी. शेवटची. मालकांनी स्वतः येऊन 'हरकत आहे' म्हटलं, तर मी आधीचं रद्द करून तेच लिहीन. तुम्ही म्हणून चालणार नाही. त्यांनीच म्हणायला हवं. दोनच शब्द."

दोनच शब्द! मी घरी येताना वाटेत दोनदा थांबले. घर वाचायचं ते त्या दोन शब्दांवर, आणि ते दोन शब्द म्हणायचे कुणी, तर वन्संनी. ऐंशी वर्षांत त्यांनी ते एकदाही उच्चारले नव्हते.

तालीम सुरू केली. मी इस्त्रीच्या टेबलामागे अधिकारी होऊन बसले.

"घर क्रमांक सतरा. तुमचं घर पाडायचं आहे. काय म्हणणं आहे?"

वन्सं समोर उभ्या. पदराशी चाळा. "तुम्हाला अगदीच गरज असेल तर..."

"वन्सं!"

"अहो, त्यांच्या तोंडावर कसं म्हणायचं? बिचारे नोकरीची माणसं."

"मी अधिकारी आहे, बिचारी नाही. पुन्हा. तुमचं घर पाडू का?"

"तशी हरकत..." त्या थांबल्या. मी टेबलावरून पुढे वाकले. "...म्हणजे विचार करून सांगते."

बुधवारपर्यंत आमची प्रगती 'जरा अडचण आहे' इथवर आली. मी चिडून म्हटलं, "वन्सं, उद्या तुम्ही असंच म्हणालात तर परवापासून आपण दोघी कारंज्याखाली राहायचं."

"तुम्हाला सर्दी होते हो पाण्याची," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच माझीच काळजी वाटत होती.

गुरुवारी अधिकारी साहेबांनी खुर्ची आधीच मांडून ठेवली होती. पंख्याखाली. शेजारी चहा. मला धडकी भरली. वन्संशी कुणी चांगलं वागलं, की त्या घरच काय, अंगावरची शालसुद्धा काढून देतील.

"बसा हो आजी. मागच्या वेळी तुम्हाला उभं राहावं लागलं, मला फार वाईट वाटलं," साहेब म्हणाले. "आज नीट विचारतो. आपण घाई करायची नाही. तुमची काही हरकत नाही ना?"

आता असा प्रश्न विचारल्यावर भल्या माणसाच्या तोंडून काय येतं? वन्संनी तोंड उघडलं. मी डोळे मिटले.

तेवढ्यात ठिपकेवाल्यांना राहवलं नाही. "सर, आजींना ती आनंदाची बातमीही सांगूया. आजी, तुमचं ते तांब्याचं मोठं घंगाळ आहे ना, ज्यात तुम्ही जर्सी भिजवता? ते आम्ही चौकात ठेवणार आहोत. वारसा म्हणून! तळाला भोकं पाडून आतून दिवे सोडायचे. संध्याकाळी काय दिसेल!"

वन्संनी तोंड मिटलं. मग विचारलं, "भोकं पाडायची?"

"बारीक बारीक. ताऱ्यांसारखी."

"घंगाळाला?"

"हो."

"मग त्यात पाणी कसं राहील?"

"राहायची गरजच नाही, आजी. त्यात आता काही धुवायचं नाही. लोक येतील, बघतील, फोटो काढतील."

वन्सं उठल्या. खुर्ची मागे सरकली, चहा बशीत सांडला. त्यांनी सांडलेल्या चहाकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हाच मला कळलं, की काहीतरी फिरलं.

"हरकत आहे," त्या म्हणाल्या.

टिपणीवाल्या बाईंनी आधीची ओळ खोडली आणि नवीन लिहिली. झालं, आम्ही वाचलो! मी वन्संना घ्यायला पुढे झाले. पण वन्सं बसेनात.

"अजून आहे," त्या म्हणाल्या.

"बोला," साहेब म्हणाले. भले माणूस, काय करणार!

"शेजारणीनं शिडी नेली आहे, नऊ वर्षं झाली. हरकत आहे. क्लबनं ढाल जिंकली, त्या वर्षीच्या फोटोत मला कडेला उभं केलं आणि छापताना कडाच कापली. हरकत आहे."

"आजी, हे या प्रकरणात येत नाही," ठिपकेवाले म्हणाले.

"साठ वर्षांचं साठलंय. येईल तसंच येणार," वन्सं त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. मग टिपणीवाल्या बाईंकडे वळल्या. "गोलकीपर दारात येऊन म्हणाला, दुसरीकडे ठरलंय. मी तेव्हा हरकत नाही म्हटलं. होती. लिहा."

बाईंचं पेन क्षणभर थांबलं. "तारीख?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

वन्संनी तारीख सांगितली. वारासकट. बाईंनी ती लिहिली. त्यांचे डोळे ओले झाले होते की चष्म्यावर पंख्याची धूळ बसली होती, ते मला सांगता येणार नाही. माझे तर झालेच होते, आणि तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "आणि या माझ्या वहिनी."

"मी?"

"रोज माझ्याआधी वर्तमानपत्र उघडतात आणि शब्दकोडं अर्धं सोडवून ठेवतात. सोपे शब्द स्वतः भरतात, अवघड मला ठेवतात. बावीस वर्षं. हरकत आहे."

मी खाली मान घातली. खरं होतं.

साडेतीन पानं झाली. शेवटी अधिकारी साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. "सतरा नंबर वगळून नकाशा परत काढावा लागेल," ते ठिपकेवाल्यांना म्हणाले.

"सर, पण मग कारंजं मधोमध येत नाही. सगळा चौकच तिरका होतो."

"मग तिरका करा."

"तिरका उल्हास चौक?" ठिपकेवाल्यांचा आवाज रडकुंडीला आला. वर्षभर मांडलेला संसार कुणी विस्कटावा तसं त्यांचं तोंड झालं होतं. मला त्यांची किंचित दया आली. पण त्यांनी घंगाळाला भोकं पाडली असती, म्हणून ती मी लगेच आवरली.

टिपणीवाल्या बाईंनी कागद वन्संसमोर ठेवले. "सही करा, आजी. इथं."

मागच्या वेळी वन्संनी न वाचताच सही केली होती. या वेळी त्यांनी माझा चष्मा मागून घेतला, स्वतःचा घरी राहिला होता, आणि साडेतीन पानं सुरुवातीपासून वाचायला घेतली. मागे अठरा नंबरवाले, एकोणीस नंबरवाले ताटकळत उभे. साहेब घड्याळ बघत होते. पहिल्याच पानाच्या वरच्या कोपऱ्यात वन्संचं बोट थांबलं.

"हे काय लिहिलंय? 'व्यवसाय : काही नाही.'"

"वय ऐंशीच्या पुढे असलं की तसंच लिहायची पद्धत आहे," बाई म्हणाल्या.

"खोडा."

बाईंनी खोडलं. "मग काय लिहू?"

"कपडे धुणं," वन्सं म्हणाल्या. "आणि जरा भरभर लिहा. लाल जर्सी सकाळपासून भिजत पडल्यात."