वाळणारं अक्षर

"नाव टाकता येस भिकनभाऊ, काढता येत नही," मशीनचं बटण बंद करत पितांबरनाना म्हणाले.

भिकनभाऊंच्या मांडीवर स्टीलचा हंडा होता. हंड्यावर त्यांच्या भाच्याचं आणि त्याच्या होणाऱ्या बायकोचं नाव होतं, आणि लग्न मोडलं होतं. ज्यानं टाकलं त्यानंच काढावं, असं त्यांचं सरळ म्हणणं. नानांनी सुचवलं, हंडा राहू द्या, त्याच नावाची दुसरी मुलगीही मिळू शकते. भिकनभाऊंना हे कितपत पटलं कोण जाणे, पण हंडा घेऊन ते उठले.

नाना मूळचे सोनगीरचे. वाडवडील तांब्याची भांडी ठोकायचे. स्टील आलं, ठोकायचं काही उरलं नाही, तेव्हा नाना धुळ्यातल्या एका भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं टाकू लागले. 'सप्रेम भेट' हे दोन शब्द त्यांनी निम्म्या जिल्ह्याच्या स्वयंपाकघरांत पोचवले होते. घरात मात्र त्यांच्या तोंडून तसलं काही कधी निघालं नाही. बायकोची, कुंदाबाईंची, त्याबद्दल तक्रार नव्हती. तो धंद्यातला शब्द आहे, अशीच त्यांची समजूत होती.

एकुलती एक मुलगी किरण जपानमध्ये होती. तिकडे म्हातारे फार आणि त्यांना उठवून बसवायला माणूस नाही. तसं ते धुळ्यातही नाही, पण धुळ्याचे म्हातारे पगार देत नाहीत. म्हणून किरण नर्सिंग शिकून, भाषेची परीक्षा देऊन गेली. एकदा फोनवर तिनं तिच्याकडची एक आजी दाखवली. आजी सकाळी उठून ब्रशनं एकच अक्षर पुन्हा पुन्हा लिहीत बसायची. नानांनी सहज विचारलं, तिकडे भांड्यावरही असंच टाकतात का. किरणला वाटलं, आपल्या आबांना आवड आहे. महिन्याभरात पार्सल आलं.

पार्सलमध्ये एक ब्रश होता, नमुन्याची कार्डं होती आणि एक करडं कापड. नुसत्या पाण्यात बुडवून ब्रश फिरवला की कापडावर काळं उमटायचं, आणि वाळलं की जायचं. कापड कोरं. जन्मभर न जाणारी अक्षरं टाकलेल्या माणसाला हा प्रकार सुरुवातीला फसवणुकीचा वाटला.

त्यांनी ब्रश मशीनसारखा दाबून धरला. केस चारी बाजूंना फाकले. मग ओढलेल्या रेघेवरून पुन्हा रेघ ओढली, कारण पत्र्यावर तसंच करतात. किरणनं फोनवरून समजावलं की एकदा ओढली ती ओढली, परत हात लावायचा नाही, आणि आबा, ती कढई नाही. नाना हलक्या हातानं शिकू लागले. पण महिना मेचा होता. चौथी रेघ ओढेपर्यंत पहिली उडून जायची. कूलरसमोर बसून पाहिलं, तर आणखी लवकर. ही कला थंड देशातच का निघाली, ते नानांना तेव्हा कळलं.

कार्डांच्या मागे किरणनं मराठीत अर्थ लिहिले होते. डोंगर, नदी, माणूस. सगळ्यांच्या खालच्या कार्डावर एक दाट अक्षर होतं. डावीकडे दोन उभ्या रेघा, उजवीकडे उभी करून ठेवलेली केरसुणी असावी तसं काहीतरी. मागे लिहिलं होतं, 'घरी परतणे'. हे तिनं मुद्दाम घातलं की पाकिटातच आलं, ते नानांनी विचारलं नाही. मात्र त्या दिवसापासून त्यांनी डोंगर-नदी सोडून दिले.

किरणचा करार संपत आला होता. दिवाळीला कायमचं परत यायचं की तिकडेच राहायचं, ते ती रविवारी सांगणार होती. तुम्हीच तिला म्हणा, मी म्हटलं तर रडूच येईल, असं कुंदाबाई आठवडाभर बजावत होत्या. नाना मान हलवत आणि केरसुणी काढत.

रविवारी सकाळी फोन आला. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून नानांनी कापड मांडीवर घेतलं आणि ब्रश बुडवला. किरण बोलत होती. तिला तिथंच कायम केलं होतं. एक अख्खा मजला तिच्या हाताखाली दिला होता. त्या आजींनी तर टाळ्या वाजवल्या म्हणे. सांगताना ती इतकी हसत होती की लहानपणी पडलेल्या दाताची जागा नानांना आठवली. शेवटची रेघ त्यांनी ओढून टाकली होती. ओढली ती ओढली.

"दखाडा ना आबा, काय लिखं?"

नानांनी खाली पाहिलं. दोन उभ्या रेघा गेल्या होत्या, केरसुणी अजून ओली होती. तांब्यात पाणी होतं, ब्रश हातात होता. ते नुसते बसून राहिले. केरसुणीही गेली, तेव्हा त्यांनी कापड उचलून फोनसमोर धरलं.

"वाळी गयं."

"काय व्हतं?"

"डोंगर."

"डोंगरले तीनच रेघा लागतीस आबा. तुमना हात तर कव्हयना चाली राहिंता."

"सातपुडा व्हता," नाना म्हणाले.

किरण हसली. मग हसायची थांबली. दोघांपैकी कोणीच फोन ठेवेना, तेव्हा कुंदाबाईंनी मध्ये डोकं घालून, तिकडे आंबे मिळतात का, ते विचारलं.

दुपारी पदराखाली डोळे पुसून झाल्यावर त्या भांडी लावायला बसल्या. फळीवरचं किरणचं ताट आज खाली होतं. ती शाळेत जायला लागली, तेव्हा नानांनीच त्याच्या काठावर तिचं नाव टाकलं होतं. कुंदाबाईंनी ताट पालथं केलं. बुडाला, कोणी पाहत नाही अशा जागी, ठिपक्याठिपक्यांचं नवं काहीतरी होतं. दोन उभ्या रेघा आणि शेजारी जरा वाकडी केरसुणी.

"हाई काय शे?"

"कंपनीना मार्का," नाना मशीनची वायर गुंडाळत म्हणाले.

कुंदाबाईंनी त्यावरून ओला अंगठा फिरवला, मग पदरानं पुसून पाहिलं. मार्का जागचा हलला नाही. त्यांनी ताट सुलटं केलं आणि पहिल्यांदा हात जातो त्या फळीवर, सगळ्या ताटांच्या वर ठेवलं.