वसुबारसेचं हरीण

मला जनावरांची माया नाही. आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत पुढे लोक सांगत सुटले की दत्तू ड्रायव्हरच्या बायकोचा जीव हरणावर जडला. खोटं आहे. ते पिल्लू घरात आलं तेव्हा मला रागच आला होता, आणि तो राग शेवटपर्यंत गेला नाही. फक्त त्याचं तोंड बदललं.

आम्ही नागपूरचे. राज्यांची नव्यानं वाटणी झाली, कोणीतरी नकाशावर रेघ ओढली आणि नागपूरची कचेरी गाडीत भरून भोपाळला आणून टाकली. साहेब आले, कारकून आले, त्यांच्या बायका लोणच्याच्या बरण्या मांडीवर घेऊन आल्या. आणि साहेबाची जीप चालवायला माझा नवरा आला. जवाहर चौकात तेव्हा चार टपऱ्या आणि धूळ. क्वार्टरच्या भिंतींचा चुना हाताला लागायचा. चार इमलीला बंगले व्हायचे होते, झाडी होती, आणि झाडीत साहेब लोकांना मारायला पुष्कळ काही होतं.

आमची लाइन सगळी मराठी. पण आम्ही कोणत्या जातीचे ते सुपरिटेंडेंट नीळकंठरावांच्या बायकोला, सुमित्राबाईंना, आमचं सामान ट्रकमधून उतरायच्या आधीच कळलं होतं. वर्षभरात त्यांच्याकडे तीन-चार हळदीकुंकवं झाली. मला बोलावणं नाही. पाणी आलं की नळावर मात्र मी लागायची, कारण भांडून नंबर लावणारी लाइनीत मी एकटीच होते.

त्या नवरात्रात साहेब रायसेनच्या वाटेला शिकारीला गेले. दत्तू जीपवर. संध्याकाळी चिंकाऱ्याची मादी दिसली, साहेबांनी छर्र्याची बंदूक झाडली. मादी पडली. तिच्या मागे गवतात पिल्लू दबून बसलेलं होतं, त्याच्या तोंडावर उरलेले छर्रे बसले. साहेब म्हणाले, घे, बाबा लोकांना खेळायला होईल. बाबा लोकांनी रक्त बघितलं आणि भोकाड पसरलं. बाईसाहेब म्हणाल्या, घाण आधी बाहेर काढा. म्हणून ते आमच्या घरी आलं.

दत्तूनं ते पोत्यातून स्वयंपाकघरात सोडलं आणि म्हणाला, कोवळं आहे, रस्सा चांगला होईल.

मी वाकून बघितलं. उजवा डोळा फुटलेला, खोबणीत नुसता चिखल. डावा सुजून बंद, पापणीतून पू. अंगात माझ्या मनगटाएवढा जीव, आणि ते ओरडत नव्हतं. दबून राहायचं, एवढंच त्याच्या आईनं त्याला शिकवलेलं. आईला मारणाऱ्याच्या ड्रायव्हरच्या घरी ते आईचं ऐकत होतं. मला इतकी चीड आली की काय सांगू. साहेबाची, साहेबाच्या पोरांची, पोतं धरून उभ्या असलेल्या या माणसाची. साहेबानं मारायचं, बाईनं नाक मुरडायचं आणि उरलंसुरलं शिजवून खायला आम्ही. मी म्हटलं, हे मी शिजवणार नाही. जगवून दाखवते.

दुसऱ्या दिवशी टोपलीत घालून शहरातल्या ढोरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भोपाळीच होते, पान खाऊन बोलणारे, खेकसणारे. म्हशींच्या रांगेत हरीण बघून आधी हसले. मग चिमट्यानं छर्रे काढताना हसले नाहीत. उजवा गेला, म्हणाले. डावा वाचू शकतो. पट्टी बांधून ठेवायची, अंधारात ठेवायचं, उकळून गार केलेल्या बोरिकच्या पाण्यानं धुवायचं आणि मलम लावायचं.

“और सुनो बाई,” ते म्हणाले, “आँख में इसके सिवा कुछ गया तो यह भी गई. अंधा हिरन नहीं पलता. खाना छोड़ देता है, मर जाता है.”

म्हणजे सगळा हिशेब त्या एका डोळ्यावर येऊन थांबला.

न्हाणीघर मी त्याला दिलं आणि आम्ही अंगणात आडोसा करून आंघोळ करू लागलो. बकरीचं दूध कोमट करून बाटलीनं पाजायचं. ओल्या फडक्यानं पोटाखाली आणि शेपटीखाली पुसायचं, नाहीतर पिल्लू मुतत नाही, हगत नाही. ते काम आई जिभेनं करते. मी फडक्यानं केलं आणि करताना शिव्या दिल्या. शिव्यांनी त्याचं काही बिघडलं नाही. हळूहळू पू थांबला, सूज उतरली. डॉक्टरांनी पापणी उचलून काडी ओढली तर डोळ्यात तिचा उजेड हलला. म्हणाले, दिवाळीनंतर पट्टी काढू.

आणि वसुबारस आली.

नागपुरात वसुबारसेला गायवासरू दारात यायचं. इथं सगळ्या म्हशी. एका गवळ्याकडे गाय होती, पण तिचं वासरू मेलेलं, कातड्यात पेंढा भरून तो तिच्यापुढे ठेवायचा आणि धार काढायचा. पेंढ्याच्या वासराची पूजा कशी करायची? लाइनीतल्या बायकांना मोठा पेच पडला. परमुलखात आलो म्हणून सण बुडवायचा का? मग सुमित्राबाईंच्या डोक्यातून निघालं. गायीला वासरू नाही, दत्तूच्या बायकोकडच्या पाडसाला आई नाही. दोघांना शेजारी बांधलं की झालं गायवासरू. पुण्य ते पुण्य, शिवाय मुक्या जिवाला आई.

मला कोणी विचारलं नाही. मी मलम संपलं म्हणून दवाखान्यात गेलेली. दत्तू घरी होता. सुपरिटेंडेंटची बायको पहिल्यांदा आमच्या दारात उभी, मागे सगळी लाइन नऊवारीत. त्यानं न्हाणीघराची कडी काढली आणि पिल्लू स्वतः उचलून दिलं.

मी परतले तेव्हा अंगणात गाय बांधलेली, तिच्या खुंट्याला पिल्लू. पट्टी जमिनीवर. पूजेत चिंधी चालत नाही म्हणून सोडलेली. गायीनं त्याला चाटलं म्हणे, बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं म्हणे. मग ओवाळायला निरांजन जवळ नेलं, तशी त्यानं मान झटकली आणि तबक त्याच्या तोंडावर उलटलं. त्याचं अख्खं तोंड लाल झालेलं. घरी हळदीला चुना आणि लिंबू घालून केलेलं कुंकू. ओल्या डोळ्यात जाऊन ते भिजलं होतं, आणि पिल्लू थरथरत दबून बसलं होतं. तेव्हाही ओरडत नव्हतं.

मी उकळलेल्या पाण्याची तपेली घेऊन त्याला मांडीत दाबलं आणि पापणी धरून ओतत राहिले. बायका बाजूला झाल्या. सुमित्राबाई म्हणाल्या, “अगं, देवाचं आहे ते. कुंकवानं कधी इजा होते का?”

मी वर बघितलं नाही. “मग घरी जा, आणि तुमच्या लेकाच्या, उदयच्या डोळ्यात घाला.”

गवळी गाय सोडून चालू लागला. बायका एकेक करून गेल्या, जाताना कोणीतरी पुटपुटलं की सणासुदीला हिच्या दारात यायलाच नको होतं. बरोबर होतं तिचं. मीही तेच म्हणत होते.

दत्तूला मी जे बोलले ते इथं सांगत नाही. तो एवढंच म्हणाला की नीळकंठरावांच्या बायकोला नाही म्हणायला त्याची नोकरी बापाची नाही. तेही बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला.

डॉक्टरांनी डोळा बघून मलाच झापलं. मग म्हणाले, भाजलाय, पण फुटला नाही. आता हे जगलं तर डोळा जगेल. पोटात दूध जाऊ दे.

दूध जाईना. बाटली घेऊन मी वाकले की ते मागे सरकायचं, भिंतीला पाठ लावून पाय झाडायचं. तोंड उघडून रबरी बूच आत घातलं तर दूध नाकातून परत. बरगड्या मोजता येऊ लागल्या. मला वाटलं, डॉक्टर म्हणाले तेच, आंधळं झालंय आणि आता मरायचं ठरवून बसलंय.

नरक चतुर्दशीला उजाडायच्या आत मी आंघोळ केली. तेल नाही, उटणं नाही, नुसतं पाणी ओतून घेतलं, कारण सणाची मला शिसारी बसली होती. केस ओले, कपाळ कोरं. तशीच न्हाणीघरात जाऊन बसले आणि सवयीनं बाटली पुढे केली. त्यानं बूच पकडलं. ढुशा मारत सगळी बाटली रिकामी केली, आणखी मागितलं.

मी मेण लावून कुंकू लावलं, केर काढला, दुसरी बाटली घेऊन गेले. ते पाय झाडत भिंतीला गेलं.

मी तिथंच बसले. मग उठून आरशापुढे उभी राहिले. कुंकू पुसलं आणि गेले, तरी मागे सरकलं, त्या मेणातला वास कपाळात मुरलेला. शिकेकाईनं खरवडून धुतलं. तेव्हा कुठे पिल्लू पुढे आलं. त्याला डोळ्यानं काही दिसत नव्हतं, पट्टी पुन्हा बांधलेली होती. पण भाजणारी वस्तू त्यानं नाकात पक्की धरली होती.

म्हणून मी कुंकू लावायचं सोडलं. फोडणीतली हळदही सोडली, हाताला तिचा वास राहतो. दत्तूच्या ताटात पांढरं वरण पडू लागलं. वरण तो गिळायचा, पण माझं कपाळ त्याला गिळवेना.

“मी जिवंत आहे,” तो म्हणाला. “समोर बसलोय. दिसून नाही राहिलो का तुला?”

“दिसतोस. पोतं तूच आणलंस, कडीही तूच काढलीस. सगळं दिसतं मला.”

“लोक काय म्हणतात माहीत आहे?”

माहीत होतं. कचेरीत त्याला विचारायचे, दत्तू, तू कधी वारलास, कळवलंही नाहीस. दिवाळीच्या पाडव्याला नवऱ्याला ओवाळतात. मी ओवाळलं नाही, त्या तबकात कुंकू असतं. तो उठून गेला आणि जेवायला आला नाही. नळावर बायका हंडे माझ्यापासून लांब ठेवू लागल्या, भरल्या घरात विधवेचं कपाळ, सावली नको. एकीनं ऐकवलं की हरणाच्या पायी नवऱ्याला खाईल ही. मी म्हटलं, हरणाच्या आईला खाल्लं तेव्हा तुमच्यातलं कोणी बोललं नाही. साहेबांकडून कुणाकुणाकडे वाटे गेले होते ते मला ठाऊक होतं. मग नंबर लावायलाही माझ्याशी कोणी भांडेना.

मी काही मोठं धाडस करत नव्हते. कपाळावरच्या चिमूटभर लालीनं दत्तूचं आयुष्य वाढतं की नाही ते मला माहीत नाही. तिच्यामुळे पिल्लू उपाशी मरतं हे मी बघितलं होतं. बघितलेलं सोडून ऐकलेलं धरायला मी सुमित्राबाई नव्हे.

दूध पोटात गेलं, तसं ते भरलं. बोरीचा पाला खुडायला लागलं. तुळशीच्या लग्नाच्या आसपास डॉक्टरांनी पट्टी काढली. बुबुळावर खालच्या बाजूनं पांढरं फूल पडलेलं. वरची बाजू काळी होती, पण डॉक्टरांनी काडी हलवली तर ते ढिम्म. रुमाल हलवला, ढिम्म. म्हणाले, उजेड कळत असेल, आकार कळतो का सांगता येत नाही. घरी ने, बघ.

मी बघत बसले. दोन-तीन दिवस ते अंगणात फिरलं, पण नाकानंच. बादलीवर आपटायचं. भिंतीला हुंगून वळायचं. मी मनात मान्य करायला लागले होते की गेला तोही.

तेव्हा सुमित्राबाई आल्या. एकट्या, अनवाणी, हातात करंडा. त्यांच्याकडे तुळशीचं लग्न होतं आणि लाइनीत एक कोरं कपाळ फिरतंय याचा त्यांना घोर लागला होता. चांगल्या मनानं आल्या होत्या. त्यांचं चांगलं मन मला माहीत होतं. म्हणाल्या, झालं गेलं विसर, मी माझ्या हातानं लावते, तू मला मुलीसारखी. एवढ्या वर्षभरात नव्हते ती मुलगी आता झाले. मी ओट्यावर बसलेली, उठले नाही. पिल्लू अंगणाच्या पार पलीकडे, डावी बाजू आमच्याकडे करून, भिंतीवरच्या वेलाला तोंड लावून उभं होतं. वारा त्याच्याकडून आमच्याकडे वाहत होता, त्याच्या अंगाचा वास मला येत होता.

सुमित्राबाईंनी बोट करंड्यात बुडवलं आणि हात उचलला.

ते उडालं. वेल तोंडात तसाच, एका उडीत बादली ओलांडून, आडोशाच्या तट्ट्याला वळसा घालून कोपऱ्यात गेलं. बादलीला लागलं नाही. तट्ट्यालाही लागलं नाही. तिथून मान तिरकी करून डावा डोळा त्या वर उचललेल्या हातावर रोखून उभं राहिलं.

मी म्हटलं, “दिसतं त्याला.”

सुमित्राबाईंचा हात वरच राहिला. त्या माझ्याकडे बघेनात, कोपऱ्यातल्या डोळ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “मग आता बरं झालं ना ते. आता तरी लाव.”

“माणूस कुठून काय घेऊन येतो ते त्याला आत्ताच दिसायला लागलंय,” मी म्हटलं. “थोडे दिवस बघू द्या.”

बोटावरचं कुंकू त्यांना परत करंड्यात घालता येईना, पुसायलाही धजेनात. तशाच बोट वर धरून त्या दारापर्यंत गेल्या. दत्तू कचेरीतून येत होता, तो बाजूला झाला. त्यानं त्यांच्या बोटाकडे बघितलं, माझ्या कपाळाकडे बघितलं, आणि बुटाची नाडी सोडायला बसला. मी दूध गरम करायला आत गेले.