ताईच्या गालावरचं ऊन

मी सुरी बोलतेय. भाजी चिरायच्या कामाची नव्हे. माझ्या पात्याला धारच नाही. मी चित्रकाराची सुरी. रंग कालवायचा आणि चुकला की खरवडून काढायचा, हा माझा जन्माचा धंदा. माझं पातं लवचीक आहे, स्वभाव नाही. एका जागी पडून राहायचं म्हटलं की जीव नुसता कासावीस होतो.

कारखान्यात एका यंत्राने मला पत्र्यातून कापलं, कुणीतरी लाकडी मूठ बसवली आणि कितीतरी दिवस मी दुकानाच्या काचेमागे लटकत राहिले. मग कॉलेजातली एक मुलगी आली. मला वाकवून बघितलं आणि म्हणाली, "हीच द्या." तीच माझी मालकीण.

सुरुवातीला आमचं छान जमलं. ती रंगवायची, चुकायची, मी खरवडायचे. पुढे पोटापाण्याचा प्रश्न आला आणि ती फोटोंवरून बायकांची चित्रं करून द्यायला लागली. कुणाची होणारी बायको, कुणाच्या सासूबाई. येणारा प्रत्येक जण फोटो पुढे करून म्हणायचा, "जरा नीट करा हं." नीट म्हणजे काय, ते हिला बरोबर कळायचं. नाक सरळ, हनुवटी नाजूक, कंबर बारीक. आणि रंग उजळ. दर सोमवारी ती माझ्याकडून त्या उजळ रंगाचा भलामोठा गोळा कालवून घ्यायची आणि झाकणाच्या डबीत भरून ठेवायची. मग आठवडाभर येईल ती बाई त्याच डबीतून रंगायची. तक्रार कुणाचीच नाही, त्यामुळे मला खरवडायला काही उरलं नाही. चिडचिड करून करून माझी मूठसुद्धा ढिली झाली.

तिलाही ते आतून डाचत होतं. शेवटी तिने ठरवलं, स्वतःचं प्रदर्शन करायचं आणि बायका असतात तशाच रंगवायच्या. शेजारची शिंपीण रंगवून झाली, दवाखान्यातली नर्स झाली. सगळ्यात मोठा कॅनव्हास तिने ताईसाठी ठेवला होता, सख्ख्या मोठ्या बहिणीसाठी.

ताईच्या तोंडावर आणि हातांवर कोड आहे. घरात फोटोची वेळ आली की ती पटकन पुढे व्हायची, "द्या इकडे, मी काढते." त्यामुळे एवढ्या फोटोंत ताई कुठेच नाही. मालकिणीला हे फार लागायचं. ताई बसायला तयार झाली, पण अटीवर. "मला पटलं नाही तर माझ्यादेखत खरवडायचं. उगाच समजूत घालायची नाही."

ताई खिडकीशी बसली आणि मालकिणीने सवयीने डबी उघडली. मी कळवळले, पण सुरीचं कोण ऐकतंय. चित्र देखणं झालं. जिथे ताईचे पांढरे डाग होते, तिथे खिडकीतून आलेलं ऊन पडलं होतं. गालावर, ओठांशी, बोटांवर.

ताई उठून चित्रापाशी आली. म्हणाली, "ऊन छान पडलंय."

"आवडलं?"

"ऊन गेल्यावर काय करू गं मी?"

मालकिणीचं तोंड एवढंसं झालं. तिने मला उचललं आणि आम्ही ते ऊन खरवडून काढलं.

दुसऱ्या खेपेला ती इरेला पेटली. चेहराभर डागच डाग, बाकी काही नाही. ताई म्हणाली, "हे कोड झालं. मी कुठाय यात? माझा तिरका दात कुठाय? तुझ्या मागे धावून धावून कपाळावर ही आठी पडली, ती कुठाय?" पुन्हा खरवडलं. चपला घालताना ती म्हणाली, "आता शेवटचं एकदा येईन. मग नाही हं जमायचं."

ती गेली तशी मालकीण जमिनीवर बसून रडली. "ताईलासुद्धा नीट करायला निघाले मी," एवढंच पुटपुटत होती. मग उठून तिने डबी घेतली आणि माझ्याकडून तळापर्यंत खरवडून घेतली. सगळा रंग कचऱ्यात. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

शेवटच्या वेळी तिने ब्रश बाजूला ठेवले आणि मलाच हातात घेतलं. "ताई, हात इथे ठेव, रंगांच्या शेजारी." हाताकडे बघत एकेक रंग नव्याने कालवला. तपकिरी, त्याच्या कडेचा गुलाबी, मग जवळजवळ पांढरा. लहानपणी कुणी जास्त मार खाल्ला यावरून दोघी भांडत होत्या. भांडता भांडता ताई हसली, तिरका दात दिसला, आणि मालकिणीने तो तेवढ्यात टिपला.

ताई उठली. चित्राकडे बघितलं. मग हात पुढे केला. "दे ती सुरी."

मालकिणीने मला तिच्या हातात दिलं. अट म्हणजे अट. रंग ओलाच होता. ताईने मला चित्रातल्या गालापाशी नेलं. जन्मात पहिल्यांदा मला खरवडायचं नव्हतं.

तिने मला खिडकीत ठेवलं आणि पिशवीतून फोन काढला.

"हा धर. फोटो काढ."

"चित्राचा?"

"चित्राचा कशाला? माझा. मी शेजारी उभी राहते."

त्या गडबडीत मला पुसायचं राहिलं ते राहिलंच. मी अजून खिडकीतच आहे, पात्यावर ताईचे सगळे रंग सुकलेत. आत्ता दारात कुणीतरी फोटो घेऊन आलंय. "जरा नीट करा हं," मला इथवर ऐकू आलं. मालकीण काय उत्तर देते, तिकडे माझं सगळं लक्ष लागलंय. तुम्ही आवराआवर करायला आलात, तर मला तेवढं पुसू नका.