अंगठ्याचं टोक

सलूनमधला फुटका आरसा उतरवताना भावोजींच्या उजव्या अंगठ्यात काच घुसली, त्याला महिना होऊन गेला. सख्खी मेहुणी अपघात विभागात डॉक्टर, पण तिच्याकडे जायचं सोडून या शहाण्यांनी औषधाच्या दुकानातून पट्टी आणून गुंडाळली. जखम वरून छान भरली. आज मात्र गिऱ्हाइकाच्या कानामागे कात्री हातातून सुटली, कान थोडक्यात वाचला आणि ताईने नवऱ्याला ओढतच बहिणीकडे आणलं.

"डॉक्टरीणबाई, जरा आखडलाय, एवढंच," भावोजी खाटेवर बसत म्हणाले. "काहीतरी चोळायला दे, निघतो. दुकान उघडं टाकून आलोय."

"आधी तुमच्या तोंडाला टाके घालते," ती म्हणाली खरी, पण अंगठ्याचं टोक वाकत नाही हे तिने बघितलं होतं. कात्रीचं एक पातं स्थिर राहतं, दुसरं नुसत्या अंगठ्यावर चालतं. तोच गेला तर या माणसाने करायचं काय?

तिने सोनोग्राफीचं छोटं यंत्र खाटेशी ओढलं. आधी डाव्या अंगठ्यावर जेल लावून दाखवलं. टोक वाकवलं की पडद्यावर अंगठा ओढणाऱ्या कंडरेची पांढरी दोरी सरसर मागेपुढे व्हायची.

मग उजवा. जखमेपाशी दोरी तुटलेली, पुढे काळी पोकळी, वरचा तुकडा आखडून पार मनगटाकडे गेलेला. त्याच दिवशी आले असते तर सर्जनने जोडली असती. आता जुळेलच असं कोणी छातीठोकपणे सांगणार नव्हतं. तिला भावोजींचा संताप आला आणि त्याहून जास्त रडू आलं.

तरी वेड्या आशेने तिने यंत्राचा हातात धरायचा प्रोब टोकाकडच्या तुकड्यावर ठेवला. "वाकवा."

"हलली!" भावोजी ओरडले. "बघ, हलली की नाही!"

"सुटले गं बाई," ताई म्हणाली. "सकाळपासून जीव टांगणीला लावला होता यांनी."

पडद्यावर खरंच काहीतरी हलत होतं. पण प्रोब तिच्या हातात होता आणि हात तिचाच थरथरत होता.

 कोपर खाटेवर रोवून दुसऱ्या हाताने तिने आपलंच मनगट घट्ट धरलं.

"भावोजी, पुन्हा एकदा."

भावोजींनी दातओठ खाऊन जोर लावला. चेहरा लालबुंद झाला. पडद्यावर काहीच हललं नाही.

"अगं, वाकवतोय मी," ते म्हणाले. "आता का दिसत नाही?"