घर नेमकं कुठे होतं

शहराच्या मधोमध पसरलेल्या त्या मोठ्या बागेत अख्खं शहर फिरायला जायचं. मावशी तेवढी जायची नाही. शाळेचे गणवेश शिवण्यात तिचा जन्म गेला. सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची. बागेचा विषय निघाला की ती तोंडातली टाचणी काढून म्हणायची, "आमच्या चुलीवर गवत लावलंय मेल्यांनी."

ते खोटं नव्हतं. बाग व्हायच्या आधी तिथे वीटभट्ट्या होत्या. निम्मं शहर त्याच विटांनी उभं राहिलं. माती उपसून पडलेल्या खड्ड्यांत पाणी साचलं, त्याचं तळं झालं. मग शहराला मोकळी हवा हवीशी वाटू लागली आणि भट्टीवाल्यांची वस्ती उचलून पार टोकाला नेऊन टाकली. मावशी तेव्हा दोन वेण्यांतली पोर होती. तिच्या बापाने जी हाय खाल्ली, त्यातून तो उठलाच नाही. आणि तिचा धाकटा भाऊ मोठा झाला तो नेमका त्याच बागेत माळी म्हणून लागला. मावशीने त्याचं नावच टाकलं. लग्नकार्यात समोरासमोर पान आलं तरी दोघं भिंतीकडे बघत जेवायची.

मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, रोज सपाट जागेवर चाला. तिची गल्ली म्हणजे नुसता चढ. तिची लेक सिटी बसची ड्रायव्हर होती. ती म्हणाली, "आई, माझ्या बसमध्ये चल, जागा दाखवते." आणि बस उभी केली ती थेट बागेच्या फाटकाशी.

"उतर."

"मरेन, पण उतरणार नाही."

"मग मीही गाडी हलवत नाही."

मागून कोणीतरी ओरडलं, "अहो आजी, उतरा की! आम्हाला कामधंदे आहेत!" लेकीला शिव्यांची लाखोली वाहत मावशी उतरली.

आत कोणालाच तिच्या रागाची खबर नव्हती. पोरं टेकडीच्या उतारावरून गडगडत खाली येत होती. एक बाई नवऱ्याला सायकल शिकवत होती आणि नवरा तिच्यावरच खेकसत होता. दोघंजण तोंडावर वर्तमानपत्र घेऊन घोरत पडले होते. मावशी तळ्याकाठच्या बाकावर टेकली. गार वारा आला. तो बरा वाटला, याचाच तिला राग आला.

नोकरी संपली तरी भाऊ रोज बागेत यायचा. त्याने तिला लांबूनच ओळखलं. जवळ येऊन म्हणाला, "ताई."

मावशी पाण्याकडेच बघत राहिली. मान न वळवता म्हणाली, "घर कुठे होतं रे आपलं?"

"होड्या बांधून ठेवतात ना, तिथे."

"डोकं फिरलंय तुझं! तिथे भट्टी होती. घर तिकडे, बँड वाजतो त्या चौथऱ्यापाशी. तुला तेव्हा नाक पुसायची अक्कल नव्हती."

"मी हीच माती उकरत म्हातारा झालो, ताई. चौथऱ्यापाशी नुसती राख निघाली. चूल सापडली ती होड्यांपाशी."

"चूल घरोघर होती. ती आपलीच कशावरून?"

तिच्या शेजारी, पण जरा अंतर ठेवून भाऊ बसला. "मला दुसरीकडे कुठे करमलंच नाही गं," तो म्हणाला. "आणि खणायचंच होतं कोणीतरी. म्हटलं, परक्याने कशाला?"

मावशीने पदराने तोंड पुसलं. "उद्या ये," ती म्हणाली. "रस्त्याकडून चालत येऊ. म्हणजे कळेल तुला."

दुसऱ्या दिवशी ती दोघं रस्त्याकडून आली, मग तळ्याकडून. दोघं रोज भांडत बाग पालथी घालायची. विहीर कुठली, बापाची बसायची जागा कुठली, एकाही गोष्टीवर एकमत नाही. गुडघा कधी दुखायचा थांबला ते मावशीला कळलंही नाही. एकदा होडीतून बघितलं तर उमजेल म्हणून होडीत बसली, आणि पाण्यात हात बुडवून बसल्यावर बघायचंच विसरली.

एके सकाळी भाऊ दमला होता. म्हणाला, "जाऊ दे ताई, तुझंच खरं. चौथऱ्यापाशीच असेल घर."

मावशी जागच्या जागी थांबली. "असेल म्हणजे? उगाच पडतं घेऊ नकोस," ती म्हणाली. "चल, टेकडीवरून बघू."