रबरी वाघाची फुलं

वाघबारस चार दिसांवर आली तरी आरोही काय उंबरा वलांडंना. अंगणातनं बिबट्यानं मोत्या कुत्रा उचलला, तवा ही पाच वर्षांची पोर वट्यावरच बसली व्हती. त्या दिसापासनं जी घरात शिरली ती शिरलीच. अन् बारशीला वाडीतल्या समद्या पोरांनी वाघोबाच्या दगडाला जायची रीत. ती बी आपल्या पायानं, कुणाच्या कडंवर नाय.

"ऱ्हाऊ दे तिला औंदा," आई, लंकाबाई म्हणली.

"मंग पुढल्या साली बी ऱ्हाईल! जलमभर घरातच ठिवायची का?" थोरली मोहिनी कडाडली. दहावीच्या मधीच शाळा सोडलेली पोर. राग नाकाच्या शेंड्यावर, हाताला घडीभर चैन नाय.

तिनं खाटंखालनं रबरी वाघ वढला. भीमाशंकरच्या दुकानातला, दाबला की चुंई करणारा. "हा तो नाय" म्हणून आरोहीनं फेकून दिलेला. मोहिनी म्हणली, ह्याचाच वाघोबा करते, मंग जाईल तिचं भ्या. दगडाला लावत्यात तसा तेलात शेंदूर कालवला अन् चोपडला. दोन दिस झालं तरी वाळंना. कोंडा चिकटला, कोंबडीचं पीस चिकटलं. रागानं तिनं भिताडावर हाणला, तर लाल डाग पाडून हा पडला चुलीपाशी, अंगभर राख घेऊन.

आई पोट धरून हसली. "अगं येडे, दगड तेल पितो. रबर कुठनं पिणार?"

दात-ओठ खात मोहिनीनं तो साबणानं घासून काढला. शेजारच्या रत्नाकडनं साडीवर फुलं काढायचे कलर आणले. पातळ हात दिला, उन्हात वाळवला, परत दिला. दाबून बघितलं, रंग तडकला नाय. मंग पिवळ्या अंगावर काळे ठिपके द्यायला लागली.

"असे नव्हते."

आरोही मागं उभी.

"मंग कसे?"

"मधी रिकामे. फुलावानी. पायावर नुस्ते ठिपके. अन् शेपटी वर केली ना ताई, की खालनं पांढरी."

मोहिनीचा ब्रश हवेतच ऱ्हायला. मोत्याला उचललं तवा आख्खी वाडी डबे बडवत वरडत व्हती, अन् त्या घडीला ह्या एवढ्याश्या पोरीनं हे बघून ठिवलं?

"अन् डोळे?"

"पिवळे. माझ्याकडं बघितलं त्यानं. लई येळ. रागानं नाय. नुस्तं बघितलं, अन् गेला."

मोहिनीनं ठिपके पुसून मधी रिकामी फुलं काढली. श्वास धरून तिनं काळ्या कडंत दोन पिवळे थेंब ठिवले.

बारशीला आरोही उंबऱ्यापाशी थांबली. रबरी वाघ पुढं धरला, अन् त्याच्या मागनं एक एक पाय टाकत निघाली. माळावर वढ्याच्या चिखलात ताजा पंजा उठला व्हता, वाटीएवढा. पोरं मागं सरली. आरोही उकिडवी बसली, अन् रबरी वाघाचा इवला पाय तिनं त्या पंज्याच्या मधोमध ठिवला.

"बघ ताई, त्यात मावतो."

वाघोबाचा दगड अजून लांब व्हता. तरी मोहिनीनं तिथंच पायातली चप्पल काढली.